इन्सुलीच्या पडवीत आल्प्सचा बेत

सत्यवान धुरी समोरून येणाऱ्या माणसाला आधी चपलेवरून ओळखी, मग तोंडाकडे बघे. धामापुरात त्याची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी ती मनावर घेत नसे. सव्वीस वर्षं त्यानं रेल्वेत की-मॅनची नोकरी केली होती. खांद्यावर हातोडा, पाठीला पिशवी, पिशवीत पाना आणि लाल-हिरवी निशाणं घेऊन रोज सकाळी आपल्या वाट्याचे सहा-सात किलोमीटर रूळ चालत तपासायचे, हे त्याचं काम. कुठे रुळाला धरून ठेवणारी पोलादी चिमटी सैल झाली आहे, कुठे खडी सरकली आहे, कुठे केसाएवढी चीर गेली आहे, हे डोळ्यांनी टिपायचं आणि तिथल्या तिथे ठोकून नीट करायचं. असं काम करणाऱ्या माणसाची नजर पायापुढच्या चार हातांतच राहते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सत्यवानची नजर तिथेच होती. रोज पहाटे तो तलावाच्या कडेनं भगवतीच्या देवळापर्यंत चालून येई आणि घरी आल्यावर सीतेनं विचारलं की आज तलावात कमळं फुलली होती का, तर त्याला सांगता येत नसे.

नोकरी त्याला जमिनीच्या बदल्यात मिळाली होती. बापाची कुडाळकडची वरकस जमीन रेल्वेमार्गात गेली, तेव्हा सत्यवान तिशीच्या आत होता. जिथे नाचणी पेरायची तिथूनच पुढे रूळ गेले, आणि पहिली काही वर्षं त्याची रोजची चाल त्याच जमिनीवरून होती. गाड्या त्याच्या अंगावरून वारा घालत निघून जायच्या. तो बाजूला उभा राहून निशाण दाखवायचा. गाडीत बसायचा योग मात्र क्वचितच आला. एकदा पास काढून तो आणि सीता मुंबईला गेली, तेव्हा खिडकीची जागा मिळूनही त्यानं सबंध प्रवास शेजारचा रूळ बघण्यात घालवला.

"चिपळूण गेलां, नदी गेली, तुमी मान वर केल्यात नाय," सीता तेव्हा म्हणाली होती. "घराकडेच रवलास असतास तरी चालला असतां."

त्यांची मुलगी दीपिका नर्स आहे. पाच वर्षांपूर्वी ती जर्मनीतल्या दक्षिणेकडच्या एका गावात, तिथल्या रुग्णालयात कामाला गेली. गेल्याच्या गेल्या वर्षी चतुर्थीला घरी आली असताना तिनं जेवताना विषय काढला.

"बाबा, फुडच्या वर्षी तुमी दोघांय माझ्याकडे येवा. तुमका खास काय बघूचां आसा तां आताच सांगा. मी त्या हिशोबान रजा काढीन."

बाबा नेहमीप्रमाणे 'तुजां घर बघलां की झालां' असं म्हणतील, अशी तिची अटकळ होती. सत्यवाननं भाताचा घास खाली ठेवला.

"एक गाडी आसा," तो म्हणाला. "लाल रंगाची. आल्प्सच्या डोंगरातसून जाता. तिच्यात बसूचां आसा."

सीता वाढता वाढता थांबली. "ह्यां तुमच्या डोक्यात कधीपासून आसा?"

"मी आणि लवू चौकीत होतों तेवापासून."

लवू गावडे हा त्याचा नोकरीतला जोडीदार. दोघांच्या हद्दी एकमेकांना लागून होत्या आणि दुपारची भाकरी दोघं हद्दीवरच्या चौकीत बसून खात. गाडीतून लोक काय वाटेल ते बाहेर टाकतात. बाटल्या, पुड्या, कधी लहान मुलाचा एक बूट. एके दिवशी लवूला खडीत पडलेलं इंग्रजी मासिकाचं एक पान सापडलं. त्यावर दगडी कमानींच्या वळणदार पुलावरून जाणारी लाल गाडी होती आणि खाली बारीक अक्षरांत मजकूर. लवू दहावी पास; त्यानं अक्षरं जुळवत वाचून दाखवलं की ही गाडी चाक अडकवायला दाते असलेल्या रुळाशिवाय, साध्याच रुळांवरून, चौदात एक असा चढ चढते. म्हणजे चौदा मीटर पुढे गेली की एक मीटर वर. दोघांच्या मार्गावर सगळ्यात जास्त चढ होता दीडशेत एक.

"छापणाऱ्यान चूक केल्यान," सत्यवान म्हणाला होता.

"छापतले कित्याक चुकीचां? थंयचे लोक घड्याळां करतत," लवूचं उत्तर.

ते पान चौकीच्या भिंतीला चिकटलं आणि वाद पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. गाडी घसरत कशी नाही, बर्फ पडल्यावर रूळ तपासतो कोण, वळणावर रूळ किती लवकर झिजत असेल. चौकी नवीन बांधली तेव्हा पान भिंतीबरोबर गेलं. वाद तेवढा राहिला.

लवू सत्यवाननंतर वर्षभरानं निवृत्त झाला आणि इन्सुलीला आपल्या घरी राहू लागला. बायको आधीच गेलेली. मुलगा नीलेश गोव्यात कामाला, शनिवारी यायचा. घरात सून अपेक्षा. दीपिका आली त्या वर्षीच्या आषाढात लवूला झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि जीभ जड झाली. सत्यवान दोनदा भेटून आला होता. दोन्ही वेळा लवू पडवीतल्या खुर्चीत बसून हमरस्त्यावरून तपासणी नाक्याकडे जाणारे ट्रक बघत होता. काही विचारलं तर "हां" किंवा "नाय." सत्यवानलाही बोलायला सुचेना. तो पडवीच्या लाद्यांकडे बघत बसला आणि चहा पिऊन परत आला.

दीपिका परत गेल्यावर तो तिसऱ्यांदा इन्सुलीला गेला, आणि या वेळी सांगण्यासारखं काही होतं.

"लवू, चेडू म्हणता, लाल गाडीत बसवतंय. आपल्या पानावरच्या."

लवूनं रस्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे वळवली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला. ओठ कितीतरी वेळ हलत राहिले.

"चौदात," तो म्हणाला. मग थांबून, "एक."

आतून अपेक्षा आमटीचा डाव हातात घेऊनच बाहेर आली. महिन्याभरात सासऱ्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द होता, हे तिनं नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून सोमवार ठरला. धामापूरहून कुडाळ, कुडाळहून सावंतवाडी, तिथून बांद्याच्या गाडीनं इन्सुली, असे तीन एसटीचे टप्पे करून सत्यवान अकराच्या सुमारास पडवीत हजर होई. अपेक्षा सकाळी काही तास बांद्याला एका झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर काम करी. तिनं आल्प्सच्या त्या रेल्वेचा नकाशा, वेळापत्रक आणि गावांची नावं शोधून कागद छापून आणले. सत्यवाननं शंभर पानी वही घेतली. लवू सांगे, सत्यवान लिही.

बेत आखताना लवूचा हात कोणी धरू शकत नव्हतं. प्रवास जिथून सुरू होतो त्या गावाचं नाव दोघं महिनाभर 'चूर' असं वाचत होते. दीपिकानं फोनवर सांगितलं की ते 'कूर' आहे. शेवट तिरानो नावाच्या गावात, आणि ते गाव इटलीत. मधे साडेसात हजार फुटांच्या आसपास उंचीची खिंड. मधल्या एका पुलाची उंची पासष्ट मीटर. तो आकडा ऐकल्यावर लवूनं डावा हात वर करून सत्यवानला थांबवलं. नोकरीत असताना दोन वर्षं त्याची बदली रत्नागिरीकडे झाली होती आणि पानवलचा पूल त्यानं पायी तपासला होता.

"पानवल... तेवढोच," तो म्हणाला. "मी... चललंय. वाऱ्यात." मग बराच वेळ खुशीत होता.

दीपिकाचं म्हणणं होतं, मोठ्या काचांच्या डब्यात जागा घेऊ, काच थेट छतापर्यंत असते, सगळे प्रवासी तोच डबा घेतात. लवूला ते पटलं नाही. त्या काचा उघडत नाहीत, हे अपेक्षानं वाचून दाखवलं होतं. "वास येवचो नाय," तो म्हणाला. रुळाचा, ब्रेकचा, डोंगराचा वास नाही तर मग घरी बसून फोनवर बघितलं तरी चालेल, असा त्याचा मुद्दा. म्हणून गावकरी वापरतात ती साधी गाडी ठरली. तिच्या काही डब्यांत खिडकी खाली सरकते. दुसरा आग्रह असा, की पुलावरून जायच्या आधी मधल्या स्टेशनावर उतरून तो पूल खालून बघायचा. पूल ज्यानं खालून बघितला नाही त्यानं पूल बघितलाच नाही. सीतेचे गुडघे दुखतात हे सत्यवाननं सांगितलं. लवूनं नकाशावर बोट ठेवून वाट मोजली आणि अर्धा तास लागेल, मधे बसायला जागा असणार, असं ठरवून टाकलं.

घरी सत्यवान वही उघडून सीतेला सगळं वाचून दाखवी. ती काजूच्या बिया निवडत ऐके.

"ह्या सगळ्यात आमी जेवतलंव खंय?" एकदा तिनं विचारलं. वहीच्या तीस पानांत ते कुठेच नव्हतं.

मार्च संपता संपता बेत पुरा झाला. तारखा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या सोमवारी सत्यवान निघाला तेव्हा अपेक्षा त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आली.

"काकानू, एक सांगू? तुमी येतास तेवाच बाबा बोलतत. बाकीचे सा दिवस जेवक होयां, नको, इतक्यांच. डॉक्टर म्हणतत, बोलत ऱ्हवले तर जीभ सुटतली. तुमी येत ऱ्हवा हां."

एसटीत बसल्यावर सत्यवाननं वही मांडीवर ठेवली आणि ती उघडलीच नाही. बेत संपला तर सोमवारी जाऊन बोलायचं काय, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला. लवूशी त्याची ओळख पंचवीस वर्षांची, पण सगळी बोलणी कामावरची. रूळ, मुकादम, पाऊस, पान. त्यापलीकडे दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नव्हतं. चौकीत तसं विचारायची रीतच नव्हती.

पुढच्या सोमवारी तो म्हणाला, "लवू, मी म्हणतंय, उलट्या बाजूसून गेलों तर? तिरानोसून वर चढत?"

झालं, नकाशा परत उघडला. उलट्या बाजूनं सूर्य कुठे असेल, चढ आधी लागेल की नंतर, यावर तीन सोमवार गेले. मग उजव्या बाजूला बसायचं की डाव्या. मग सप्टेंबर की ऑक्टोबर. एकदा ठरलेलं सत्यवान पुढच्या आठवड्यात मोडायचा आणि लवू त्यावर पुन्हा पहिल्यापासून बोलायचा. त्याची वाक्यं लांब होत चालली होती. मे महिन्यात त्यानं सबंध एक गोष्ट सांगितली, दरड काढताना खडीत सापडलेल्या घोरपडीची. अपेक्षा दारात उभी राहून ऐकत होती.

तिकडे दीपिकाला काहीच कळत नव्हतं. व्हिसासाठी पणजीला जायची तारीख घ्यायची, विमानाचं बघायचं, आणि रुग्णालयात रजेचा तक्ता जूनअखेर भरून द्यायचा, हे सगळं बाबांच्या एका तारखेवर अडलं होतं. जूनच्या मध्यावर एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. सीतेनं तो आवाज मोठा करून मधे ठेवला.

"बाबा, मी तीन वेळा अर्ज बदललंय. तुमका येवचां नाय आसा तर सरळ सांगा. माका वाईट वाटाचां नाय."

वाईट वाटलेलं आवाजातच होतं.

"येवचां आसा गो."

"मग तारीख सांगा."

"फुडच्या सोमवारी सांगतंय."

"फुडच्या सोमवारी," दीपिका म्हणाली. "दोन महिने मी ह्यांच आयकतंय." आणि तिनं ड्युटीवर जायचं आहे म्हणून फोन ठेवला.

सत्यवान उठून अंगणात गेला आणि सुपारीच्या झावळ्या उगाच एकावर एक रचू लागला. सीता मागून आली. ती रागावली की आवाज खाली आणते.

"तुमी तिका कित्याक फसयतास?"

"फसयतंय खंय?"

"तिका फसयतास, आणि लवूभावजींकाय. मी खुळी नाय. वही मी वाचलंय. तीच पानां परत परत लिवलास."

मग सत्यवाननं अपेक्षा काय म्हणाली ते सांगितलं. तीन महिने तो ते एकटाच बाळगून होता. "बेत संपलो काय तो परत गप होतलो गो. मी थंय आल्प्स बघीन, आणि तो हंय ट्रक मोजीत."

सीतेनं त्याच्या हातातली झावळी काढून घेतली.

"तो गप होतलो, ह्यां तुमी ठरयलास. तेंका विचारलास?"

त्यानं विचारलं नव्हतं. लवूच्या बाबतीत जे काही ठरवलं ते त्यानं लवूला न विचारता ठरवलं होतं, आणि ते चांगुलपणानं केलं म्हणून त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या तिन्ही एसटींत हीच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. एकीकडे सीतेचं खरं वाटे. दुसरीकडे वाटे, विचारायचं कसं? आजारी माणसाला कोणी असं विचारतं का, की बाबा रे, मी यायचं थांबलो तर तू बोलायचं थांबशील का?

पडवीत पोचल्यावर त्यानं चप्पल काढली आणि बसायच्या आधीच लवू म्हणाला, "सत्या. वही दी."

लवूनं वही मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं सावकाश पानं उलटू लागला. एकेका पानावर तो बोट ठेवी.

"ह्यां बघ. फेब्रुवारीत... उजवी बाजू. एप्रिलात डावी. ह्यां परत उजवी. मेत... परत डावी." त्यानं वही मिटली. "माजी जीभ जड झाली रे. डोक्यां नाय."

सत्यवान लादीकडे बघत राहिला.

"कधी कळलां तुका?"

"उलट्या बाजूसून जाव म्हणालंस... तेवाच. उतारावर गाडी घसरत कशी नाय म्हणान... दहा वर्षां भांडलंस माझ्याशी. तो उतार सोडून तू उलटो जातलंस?"

"मग तेवाच बोललंस नाय तां?"

लवूनं उत्तर द्यायला वेळ घेतला. जिभेचा नव्हता तो वेळ; सत्यवानला आता तेवढा फरक कळत होता.

"मग तू येवचंस नाय," लवू म्हणाला. "म्हणान गप रवलंय."

दोन म्हातारे एकमेकांना न सांगता तीन महिने एकच खोटं सांभाळत बसले होते. सत्यवानला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर आलं नाही. लवूच्या तोंडाची चांगली बाजू तेवढी हलली.

"फोन लाव चेडवाक," लवू म्हणाला. "चतुर्थी झाली काय निघा. सप्टेंबर. साधी गाडी. उजवी बाजू. शाईन लिव, पेन्सिलीन नको."

"आणि तू?"

"मी हयच आसंय. माका प्रश्न लिवचे आसत. ती उत्तरां आण."

प्रश्न बारा झाले. रुळाखालचे स्लीपर लाकडाचे की लोखंडाचे. चिमटी कसली. बर्फाच्या दिवसांत चालतो कोण, आणि किती किलोमीटर. वळणावर रुळाला वंगण कोण घालतं. सत्यवाननं ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले. त्याच दुपारी पडवीतून फोन लागला. दीपिकानं तारीख ऐकली, दोनदा विचारून घेतली, आणि मग लवूकाकांशी बोलायला मागितलं. काय बोलली ते लवूनं सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिघं कूरहून गाडीत बसली. सीतेनं साडीवर दीपिकाचा जाड कोट घातला होता आणि पायात बूट. पिशवीत तिनं घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या नव्हत्या, त्या पहिल्या दिवशीच संपल्या. पण लाडू होते. जेवणाची सोय आपल्याकडे, हे तिनं मार्चपासूनच धरून ठेवलं होतं.

ठरल्याप्रमाणे तिघंही मधल्या स्टेशनावर उतरली आणि पायवाटेनं पुलाखाली गेली. लवूचा हिशोब सीतेच्या गुडघ्यांना जमला नाही, पाऊण तास लागला. पण वाटेत लाकडी बाक होता. समोर चुनखडीचे उंच खांब, त्यांच्यावर सहा कमानी, आणि वरचा मार्ग वाकत वाकत जाऊन सरळ एका कड्याच्या भोकात शिरलेला. सत्यवान मान मागे टाकून उभा राहिला. मान अवघडली, तरी तो खाली बघेना. वरून एक गाडी गेली, लाल, एखाद्या खेळण्याएवढी. पानवलचा पूल सरळ आहे, त्याला ठाऊक होतं, हा वाकलेला. इतक्या उंचीवर वाकडं बांधायचं कोणी ठरवलं असेल, आणि पहिल्या दिवशी त्यावरून चालत कोण गेलं असेल?

पुढच्या गाडीत उजवीकडची खिडकी मिळाली. ती खाली सरकली आणि गार वारा आला, आणि त्याच्याबरोबर ब्रेकच्या तापल्या लोखंडाचा वास. तो वास अगदी घरचा होता. पहिला अर्धा तास सत्यवाननं वही उघडी धरून स्लीपर बघितले. लोखंडी. त्यानं लिहिलं. मग गाडी डोंगरात वळसे घेऊ लागली. एका बोगद्यात शिरली, वळून बाहेर आली, तेव्हा मघाचं गाव खाली दिसलं. परत बोगदा, परत तेच गाव, आणखी खाली.

"तां चर्च परत इलां," सीता म्हणाली. तिसऱ्यांदा ते दिसलं तेव्हा तिनं त्याचा दंड धरला. "अहो, बघा. तांच तां."

त्यानं बघितलं. नंतर वहीत काही लिहायचं राहून गेलं.

खिंडीच्या थोडं अलीकडे नारिंगी कपड्यांतली तीन माणसं रुळाच्या बाजूला सरून उभी होती. एकाच्या हातात लांब दांड्याचा पाना. गाडी सावकाश जात होती. सत्यवाननं सवयीनं हात बाहेर काढला आणि त्या माणसानंही सवयीनं हात वर केला. वयानं पन्नाशीचा, मिशी पिकलेली, कपाळावर घाम. इतकं दिसलं आणि तो मागे गेला. सत्यवान वळून बघत राहिला. सव्वीस वर्षं आपण त्या जागी उभे होतो आणि आतल्या हजारो लोकांना आपण असेच दिसलो असू, एवढाच वेळ. त्याला याचं वाईट वाटलं नाही. पण एवढ्या वेळात माणसाचा घामसुद्धा दिसतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, आतल्यांना काहीच दिसत नाही.

वरच्या स्टेशनावर तळ्याचं पाणी दुधाळ होतं आणि पलीकडच्या डोंगरावर बर्फ. सीता खाली उतरली, दोन्ही हात कोटात घालून उभी राहिली आणि म्हणाली, "माका वाटलां, बर्फाक वास आसतलो." दीपिकानं आई-बाबांचा फोटो काढला. त्यात सत्यवान वर बघतो आहे.

धामापूरला परतल्यावर पहिल्या सोमवारी तो इन्सुलीला गेला. लवूनं वही मागितली आणि एकेक प्रश्न विचारला. बारातल्या सातांची उत्तरं होती. वंगणाचं बघितलं नाही, चिमटी नीट दिसली नाही, बर्फात किती किलोमीटर चालतात ते विचारायला भाषा नव्हती.

"मग करीत काय होतंस?" लवूनं विचारलं.

"बघीत होतंय," सत्यवान म्हणाला.

साडेबारापर्यंत सगळं सांगून झालं. चर्च, पूल, पाना घेतलेला माणूस, सीतेचे लाडू कोणकोणत्या देशांतल्या लोकांनी खाल्ले ते. मग दोघं गप्प झाले. हीच ती वेळ, जिची सत्यवाननं मार्चपासून धास्ती घेतली होती. रस्त्यावरून एक टँकर गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही. त्यानं काही जुळवून बोलायचं ठरवलं, आणि मग तेही सोडून दिलं.

"तो कड्यातलो बोगदो," लवू एकदम म्हणाला. "पुलाक लागान. थंय... भीती वाटली तुका?"

"नाय. कित्याक?"

"माका वाटाची. आपल्या बोगद्यात. सगळी वर्षां."

सत्यवाननं त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या टप्प्यात एक आखूड बोगदा होता आणि दोघं बरोबर असले की आत पहिला शिरायचा तो लवू. मोठ्यानं काहीबाही गात. सत्यवानला वाटायचं, याचा स्वभावच तसा.

"तू फुडे जायचंस," तो म्हणाला.

"मागे रवलंय तर... पाय उचलाचो नाय. म्हणान फुडे." लवू थांबला, थुंकी गिळली, आणि पुढे बोलू लागला. लहानपणी तो विहिरीत पडला होता, सहा वर्षांचा असताना. आईनं पदर सोडून वर काढलं होतं. हे त्यानं बायकोला सांगितलं होतं, आणखी कोणाला नाही. सांगताना तो मधे मधे अडत होता, शब्द सापडला नाही की डाव्या हातानं हवेत काढून दाखवत होता. सत्यवान ऐकत होता. मधेच त्यानं विहिरीचं विचारलं, मग आईचं. ती कशी होती, कुठली होती.

अपेक्षा कामावरून आली तेव्हा तिनं सकाळी थर्मासात ठेवलेला चहा दोघांच्या कपांत गार होऊन तसाच पडला होता. तिनं तो नेऊन नवा आणून दिला. सत्यवानची तीनची एसटी चुकली. तो पाचच्या एसटीनं गेला.